जवळचा नंबर

एलेरी म्हणते, पायांकडे बघू नकोस.
सकाळचे सात. लानबेरिसच्या तळ्यावरचं धुकं
अजून उठायचंय, आणि मीही उठतेय,
गुडघ्यांवरून, फळीवर,
चोपन्नाव्या वर्षी,
भाड्याच्या काळ्या रबरी सूटमध्ये कोंबलेली.

पायांकडे नाही, तर बघू कुठे?
सूट भाड्याचा, फळी एलेरीची,
पाणी या डोंगरांचं, बर्फासारखं.
माझे म्हणावे असे इथे
पायच तेवढे.

बघितलंच.
बघितल्याबरोबर दहाही बोटं वळली
फळी धरायला, जसं काही
ती धरता येते.
पोटऱ्यांत गोळे. गुडघे ताठ.
मान पुढे, मानेमागोमाग पाठ,
पाठीमागोमाग सगळी मीच.
वल्हं नुसत्या दंडांनी ओढत होते,
खांदे कानांपर्यंत,
भरलेली बादली विहिरीतून वर घ्यावी तसं.
फळी थरथरतेय की मी,
हा हिशेब लागायच्या आत
धपकन.

दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदाही.

खाली मान घालून काम करणारी बाई
अशी माझी ख्याती आहे बँगोरच्या इस्पितळात.
बावीस वर्षं काचपट्टीवरच्या पेशी,
हजार धडधाकट, त्यांत एखादी बिघडलेली
असली तर.
त्याआधी मिरजेत, पायाखाली बघून चाल,
आई म्हणायची. चूक नव्हतं ते,
तिथे पायाखाली विंचू असायचे,
शेण, फुटक्या बाटल्या,
आणि वर बघितलं तर कट्ट्यावरची पोरं.

पाण्याला पायाखाली असं काही नसतंच.
तिथे नुसतं हलणं असतं.
डोळा चहाडी करतो: हललं!
पाय दचकतो.
पाय दचकला की नवा तरंग,
तरंग उठला की पुन्हा चहाडी.

चौथ्यांदा पडले तेव्हा चष्मा गेला.
वरची काच साधीच,
खालच्या अर्ध्यात जवळचा नंबर,
आणि त्यासाठी मोजलेले पौंड.
एलेरी पालथी पडून
कोपरापर्यंत हात घालत राहिली,
मग हसलीच:
आता मासे वाचत बसतील.

पुन्हा चढले. उभी राहिले.
खाली पाय होते, पण नखं नव्हती,
कडा विरघळलेल्या.
त्यांच्यात वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.
लांबचं तेवढं शाबूत:
समोर खाणीच्या करड्या पायऱ्या,
काठावर लाल जाकिटातला माणूस,
त्याचं कुत्रं, पाण्यात जाऊ की नको करणारं.
कुत्र्याचं काय ठरतंय
ते मी बघत राहिले.

बोटं आधी सुटली.
मग गुडघे वाकले, न सांगता.
मान, चुंबळीवर घागर बसावी तशी,
मणक्यांवर येऊन बसली.
बरगड्यांच्या खाली, तिरकं काहीतरी
जागं झालं. त्याचं लॅटिन नाव
मी कधीकाळी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं,
ते तिथे राहतं, हे मात्र
आज कळलं.
वल्हं आता कमरेतून निघत होतं,
दंड नुसते निरोप्ये.

आणि फळी कुत्र्याकडे निघाली.
मी वळवली नव्हती.

मागून एलेरी काहीतरी ओरडली, वेल्शमध्ये,
बहुधा शाबास.

इतकं छान चाललंय, तर म्हटलं
पाय नेमकं करतायत तरी काय,
एकदाच, सहज—

पाणी नाकातोंडात.
वर आले तेव्हा कुत्रंही पोहत होतं,
माझ्याच दिशेने, डोकं वर, नजर माझ्यावर,
पायांचा विचारही न करता.
आणि खाली, कुठल्याशा पाटीच्या दगडांत,
माझा चष्मा पडलेला,
आभाळाकडे तोंड करून.