उताणी मेंढी

खुबा मोडून आला होता देल्मिरो बार्रिया,
कोंबड्यांच्या खुराड्याचा पत्रा ठोकताना शिडीवरून पडून.
खुबा आम्ही जोडला. चांगला जोडला.
छातीतलं मात्र त्यानं घरून आणलं नव्हतं.
ते आमच्याकडचं.

पाचव्या रात्री, पहाटे चारला,
पुन्ता आरेनासचा वारा खिडकीच्या फटीत शीळ घालत होता.
मला वाटलं, तोच आवाज.
मग वारा जरा पडला
आणि आवाज चालूच राहिला.

घड्याळ धरून श्वास मोजले, पूर्ण मिनिटभर.
अर्ध्या मिनिटाची दुप्पट मी करत नाही,
म्हातारी माणसं तेवढ्यात फसवतात.
एकतीस.
अंग फारसं तापलं नव्हतं.
पण तो मला दानित्सा म्हणाला,
आणि दानित्सा, त्याची बायको, जाऊन अकरा वर्षं झाली.
डॉक्टरला उठवायला एवढं पुरे होतं.
फोटोत उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी
ओल्या लोकरीचा बोळा कोंबल्यासारखं पांढरं.

आता तिसऱ्या रात्रीचं सांगते.
तिसऱ्या रात्री आम्ही दोघीच, खाटा चोवीस.
नऊ नंबरची बाई रक्त ओकत होती.
देल्मिरोचे दात घासायचे राहिले.
वरची कवळी पेल्यात होती,
खालचे चार दात त्याचे स्वतःचे.
तोंडातलं झोपेत नकळत खाली झिरपतं,
घशात नाही, श्वासाच्या वाटेत.
म्हणून ब्रश. म्हणून खाटेचं डोकं वर.
म्हणून पाणी पाजताना हनुवटी छातीकडे.
त्या एका रात्रीनं झालं का?
डॉक्टर ओयार्सो म्हणाले, असं सांगता येत नाही.
खरंच येत नाही.
तक्त्यावरचा तो चौकोन कोरा आहे.
नंतर पेन घेऊन मी त्याच्यासमोर उभी होते,
तेही सांगून टाकते.

कफ तपासायला पाठवला. निकालाची वाट न बघता
सरसकट मारणारं औषध सुरू केलं,
जंतूचं नाव कळल्यावर ते बंद करून नेमकं दिलं.
मुलगी आली एदुविना, पोर्वेनीरहून फेरीनं,
कोटावर अजून खारे शिंतोडे.
म्हणाली, हाडासाठी आले होते ना हे?
मी म्हटलं, हो. हे इथंच लागलं.
ती काही बोलली नाही. कोट काढायला तिला फार वेळ लागला.

सातव्या दिवशी तो शुद्धीत मला म्हणाला,
पोरी, चाळीस हंगाम मेंढ्या कातरल्या मी.
मेंढी उताणी पडली ना, तिला उठता येत नाही.
पाय झाडते. पोट फुगतं, छाती दबते,
संध्याकाळपर्यंत खलास.
आजार काही नसतो तिला.
कुणी येऊन नुसतं कुशीवर करायचं असतं.
मग छताकडे बघत म्हणाला,
सात दिवस झाले, मी हे छत बघतोय.

दुसऱ्या दिवशी इवो आणि मी, दोन्ही काखांत हात घालून,
खाटेच्या कडेला बसवला त्याला.
पाय जमिनीला. पोटाशी उशी.
खोका, दोन देल्मिरो.
तो खोकला. खुब्यातून कळ गेली तसा शिव्या देत खोकला.
भांड्यात पडलं ते त्यानं निरखून पाहिलं,
लोकर बघावी तसं,
आणि म्हणाला, तिसरी प्रत.
इवो हसला. मला बाथरूममध्ये जावं लागलं.

एकोणिसाव्या दिवशी घरी गेला,
नऊ किलो कमी, काठीवर,
दारातल्या वाऱ्याशी भांडत.
परत चालेल का नीट, माहीत नाही.
ती खाट दुपारपर्यंतही रिकामी राहिली नाही.

आज तिच्यावर पित्ताशय काढलेली एक शिक्षिका आहे.
आजही आम्ही दोघीच.
ब्रश घेऊन गेले, तर म्हणते,
राहू दे गं, उद्या सकाळी.
मी खाटेचं डोकं वर केलं.
म्हटलं, आ करा.