दातानं फाडू नका

पहिला नियम मी फळ्यावर लिहिला:
पिशवी दातानं फाडू नका.
तिसरीचा अख्खा वर्ग खोखो हसला.
केटात जन्मलेल्या पोरांना हे कुणी सांगायचं?
इथं मूल आईचं दूध सोडतं
आणि पाण्याच्या पिशवीचा कोपरा दातात धरतं.
एका दमात अर्धा लिटर,
मग रिकामं कातडं
उभं असेल तिथंच टाकून पुढं जातं.

एकीकडे समुद्र, दुसरीकडे खाऱ्या पाण्याचं तळं,
मधे आमचं गाव, पट्टीसारखं, वाळूचं.
तळ्याच्या काठाला बगळे आणि पिशव्या
लांबून सारख्याच पांढऱ्या.
मी म्हटलं, उडतो तो बगळा.
डोत्से म्हणाला, "वारं सुटलं की पिशवीपण उडते, मिस."
त्याचंही खोटं नव्हतं.

मावशीचं पायमशीन दोघा कोळ्यांनी
उचलून वर्गात आणून ठेवलं,
मोबदला म्हणून दोन टोप्या ठरल्या.
दोरा जाळ्याचा, नायलॉनचा.
सहा पिशव्यांची पट्टी, पाच पट्ट्यांचं दप्तर.
कात्रीनं वरची कड सरळ कापायची,
धुवायची, दोरीवर वाळत घालायची.
आधी बोटांत सुया गेल्या,
मग शिवण वाकडीतिकडी धावली.
सेफाकोरनं धाकट्या भावाला रेनकोट शिवला
तीन बाह्यांचा.
का गं, म्हटलं.
म्हणाली, एक फाटली तर?

मग जिल्ह्याच्या गावाहून पत्र आलं.
प्रदर्शन आहे. कामात सफाई हवी.
पहिलं बक्षीस रंगपेटी, छत्तीस रंगांची.
ते मीच मोठ्यानं वाचून दाखवलं,
छत्तीसवर जरा थांबून.

सोमवारी यायरानं पिशव्या आणल्या.
तीस. एकीलाही चुणी नाही,
छापलेला निळा मासा नुकताच पाण्यातून काढल्यासारखा,
वरची कड कात्रीनं सरळ कापलेली,
अगदी मी शिकवलं तशी.
"एवढ्या कुठं सापडल्या?"
"सापडल्या नाहीत, मिस.
पाणी ओतून दिलं."

यायराची आई हेच पाणी विकते.
घमेलं डोक्यावर, अक्राला जाणाऱ्या गाड्यांमागे धावत,
खिडकीतून पिशवी आत, नाणं बाहेर,
कधी नाणं येण्याआधीच गाडी सुटते.
एका गोणीत तीस पिशव्या असतात.

मला रागावता येईना.
नियम माझा, कात्री माझी,
छत्तीसवर थांबलेला आवाजही माझाच.
आम्ही सगळे तिच्या घरामागं गेलो,
का, ते मला अजून सांगता येत नाही.
वाळू कोरडी ठक्क झाली होती.
एतोरनाम उकिडवा बसला, कोपरापर्यंत हात खुपसला,
म्हणाला, "खाली अजून ओलं आहे."
मग एकेकानं हात घालून पाहिला.
यायरानं नाही.

शनिवारी गाडीतळावर चौदा पोरं
तिच्या आईच्या मागं मागं.
पाणी तिनं विकलं, ओरडली पोरं,
आणि गिऱ्हाइकाचा शेवटचा घोट संपेपर्यंत
समोर हात पसरून उभी राहिली.
एक ड्रायव्हर म्हणाला, भीक तरी धड मागा,
रिकामी पिशवी काय मागता?
पण दिली.

सगळ्यांचे कोपरे कुरतडलेले,
कुठं सुळ्याची खूण, कुठं पडलेल्या दाताची फट,
एका म्हातारीनं नुसत्या हिरड्यांनी ओढून लांबवलेला.
दप्तराच्या कामाच्या नव्हत्याच त्या.
यायरानं त्या बारीक कातरल्या, पिळून गोल वळल्या,
वरून जुन्या कापडाची पट्टी गुंडाळली:
आईला चुंबळ.
आईनं ती डोक्यावर ठेवली, वर घमेलं ठेवलं,
मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे करून पाहिली.
"टोचते," म्हणाली.
काढली मात्र नाही.

प्रदर्शनाला आम्ही तीन बाह्यांचा रेनकोट पाठवला.
रंगपेटी दुसऱ्याच शाळेला गेली.
ते तीस निळे मासे माझ्या कपाटात आहेत,
त्यांना कुणी सुई लावत नाही,
मीही नाही.

फळ्यावरचा नियम तसाच आहे, जवळजवळ.
कुणीतरी ओल्या बोटानं
शेवटचा शब्द पुसलाय.
आता तिथं एवढंच उरलंय:
पिशवी दातानं फाडू