मूळ स्थान

पाकिटावर सात रकाने छापलेले असतात.
सहा मी भरले, बॉलपेनानं, ठसठशीत:
पीक – लागू नाही.
स्थानिक नाव – पाखरसावा.
गाव – बोरखडी, ओढ्याकाठची पाणथळ,
जिंतूरच्या रस्त्यानं उतरून डावीकडं.
देणारी – धुरपता सोपान वाकळे, वय अंदाजे सत्तर.
वजन – बावीस ग्रॅम, काडीकचरा धरून.
तारीख – ऋषिपंचमीची.

सातवा रकाना कोराच घेऊन आलो परभणीला.

विचारलं होतं मी तिला.
मावशी, हे गवत इथं आलं कुठून?
खुरप्यानं टाचेचा चिखल खरवडत होती ती.
म्हणाली, "आलं कुटून म्हंजी?
आलास तर तू. फटफटीवर बसून.
हे हितंच हाय."

पहाटे गेलो होतो तिच्या मागं,
गुडघ्याएवढ्या पाण्यात.
डाव्या हातानं ती तुरे टोपल्यावर वाकवायची,
उजव्या हातातल्या काडीनं हलकंच झोडायची,
झोपलेल्या लेकराला उठवावं तसं.
"दव हाय तवर दाना धरून ऱ्हातो.
उन्ह लागलं की सुटला."
निम्मे टोपल्यात पडत होते, निम्मे चिखलात.
मी वाकलो उचलायला.
"ऱ्हाऊ दे. ते म्होरल्या सालाचं."

मला हे दुसऱ्या भाषेत शिकवलं होतं:
रानटी गवत पिकलं की दाणा सोडतं.
मग कधीतरी, कुणी मोजलं नाही त्या वर्षी,
एका कणसाला सोडताच येईना.
खोटच ती. देठाशी अडलेली गाठ.
नेमकं तेच कणीस कुणाच्या तरी मुठीत आलं,
घरी आलं, पेरलं गेलं, पुन्हा मुठीत आलं.
आपली ज्वारी, बाजरी, राळे
त्या न सुटलेल्या दाण्यांची लेकरं.
कणग्या, गोण्या, मोंढ्यातले वजनकाटे,
माझी नोकरीसुद्धा,
सगळं त्या एका खोटीवर उभं आहे.

हे मात्र सोडत राहिलं.

बांधापलीकडं सोयाबीन.
तिचा पुतण्या रोहिदास पाठीवर पंप अडकवून
ओळीनं फवारत चाललेला.
औषधाच्या डब्यावर चित्र होतं: हेच गवत,
तुऱ्यावरची जांभळट झाकसुद्धा न चुकवता काढलेलं,
आणि त्यावर लाल फुली.
इतक्या मायेनं काढलेलं त्याचं चित्र
मी आमच्या खात्यातही पाहिलं नाही.

दुपारी तिनं ताटली पुढं केली.
आज बैलाच्या कष्टाचं खायचं नाही,
नांगर लागलेल्या रानातलं नाही.
वर्षातला एक दिवस
नांगराआधीच्या कुणाच्या तरी नावानं.
भात म्हणावा तर भात नाही, कण्या नाहीत,
करडा, जरा धुरकट, ओल्या गाळाचा वास.
एक तूस दाढेत अडकलं.
"कसं हाय?"
मी म्हणालो, चांगलं आहे.
"चांगलं कशाचं," ती हसली,
"पोटभर व्हईल एवढं कदी गावत नाही ते."

सर म्हणतात, अज्ञात लिहा आणि मोकळे व्हा.
शीतपेटी उद्या बंद होणार आहे.

पाकीट पुन्हा तोललं तर एकोणीस ग्रॅम.
तीन ग्रॅम कुठं गेले ते मला ठाऊक आहे:
डिकीत, रस्त्यावर,
माझ्या पँटच्या दुमडीत,
तिथून धुण्याच्या पाण्याबरोबर
क्वार्टरच्या मोरीमागं, जिथं पाइप गळतो.

पुढच्या आषाढात तिथं काही उगवलं
तर लगेच उपटू नका,
बायकोला मी सांगून ठेवलंय.
तिनं विचारलं, काय आहे ते?
मी रकान्याकडं पाहत राहिलो.