हरकती आणि सूचना

ऑकलंडच्या पश्चिम टोकाला, शाळेच्या हॉलमध्ये,
लहान मुलांच्या खुर्च्यांवर
गुडघे छातीशी घेऊन सगळे बसलेले.
प्रत्येकाला तीन मिनिटं. घंटी माझ्याकडे.

हेदर पॅस्को म्हणाल्या, उत्तरेला तीन मजले चढले
तर दोन वाजताच माझ्या दोरीवरचं ऊन जाईल.
मग फेजोआच्या झाडाबद्दलच बोलत राहिल्या.
मी घंटी वाजवली नाही.

तावीता बसचालकाच्या गणवेशातच आलेला:
“आम्ही नऊजण. थोरली गॅरेजमध्ये झोपते.
ऊन तिथे कधी आलंच नाही.”
चाळीस सेकंदांत खाली बसला.

फॉर्मवर चौकोन दोनच. बाजूने. विरोधात.

खुर्च्या रचताना खिडकीतून दिसलं,
पार्किंगमध्ये हेदरबाई त्याच्या हाती
फेजोआंची जड पिशवी देत होत्या.
“झाड आहे तोवर,” म्हणाल्या,
मत तसूभरही न बदलता.