डावं-उजवं

हॅलिफॅक्स. चोवीस डिसेंबर. साडेतीनलाच दिवे लागलेले.
वृद्धाश्रमातली तीन टेबलं मी जोडून घेते,
मधली फट चादरीखाली जाते
तरी हाताला कळतेच.

ईनिड बॅराक्लफ चाकाच्या खुर्चीतून मुकादमी करते :
काटा डावीकडे. सुरी उजवीकडे, धार आत.
पेला सुरीच्या टोकाशी.
गालिच्याच्या गिरणीत चाळीस वर्षं
वाकडा धागा तिनं खपवून घेतला नाही.

आमच्याकडेही पानाला डावं-उजवं असतं, मी सांगते.
मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे;
चुकलं की वत्सलामावशी वाढणाऱ्या पोरींना
पंगतीदेखत माघारी धाडायची.
‘शहाणी बाई,’ ईनिड म्हणते.
डाव्या हातानं जेवणाऱ्याला मावशी काय म्हणायची
ते मी सांगत नाही.

कुंपणावरची हॉली ओरबाडून आणलीय,
बोटं सोलली, लाल फळं शाबूत.
मेणबत्त्या बॅटरीच्या, खऱ्यांना इथे बंदी.
प्रत्येक ताटलीवर एक क्रॅकर :
आत कागदी मुकुट आणि शिळा विनोद.

अकरा पानं मांडून झाली. शेवटचं तिचं.
ऑगस्टपासून तिचा उजवा हात
मांडीवर असतो,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.

मी गुपचूप पेला डावीकडे घेते.
चमचाही.
सुरी उचलते,
आणि पुन्हा होती तिथेच ठेवते.

ईनिड बघत असते. काही बोलत नाही.
डावा हात टेबलावरून लांब नेऊन
सुरी जराशी सरळ करते.
धार आत.