सात दहाचं फाटक

सात वाजून दहा मिनिटांनी फाटक बंद.
सात अकराला पाटोळे वही उघडतो.
तीन लाल शेरे झाले की पालकांना बोलावणं;
कुट्टी मॅडमच्या केबिनबाहेरच्या बुटक्या खुर्चीवर
मी दोनदा बसलोय,
गुडघे हनुवटीशी घेऊन.

तेव्हाच शोध लागला,
धारण तलावाच्या कडेनं उलटं घुसलं
की चार मिनिटं वाचतात.
सिडकोच्या बैठ्या घरांमागून,
दुधाच्या क्रेटना वळसा घालून,
उजेडातही दिवे लावून, हॉर्नवर अंगठा ठेवून.
समोरचा आधी शिवी देतो, मग सरकतो.
लायसन आरटीओनं दिलं होतं;
गाडी चालवायला शिकवली ती त्या वहीनं.

मैथिली मागे बसून पोळीचा रोल खायची.
एकदा सिग्नलला मी थांबलो.
का, कोण जाणे, पण थांबलो.
मागून आवाज आला, तोंडात घास:
"बाबा, मामा नाहीयेत. चला ना."

सात वर्षांची.

मी आरशात पाहिलं नाही.
गिअर टाकला.

मग जूनमध्ये दोन कागद आले.
एक महापालिकेचा: गल्ली एकदिशा,
शाळेपासून दोनशे मीटर चारचाकीला मनाई.
सोसायटीच्या ग्रुपवर नुसता जाळ.
'आधी दप्तराचं वजन करा, मग चालायला सांगा'
हे मीच लिहिलं होतं, सव्वीस अंगठे आले.
दुसरा शाळेचा, चारच ओळींचा:
फाटक पावणेसात ते साडेसात उघडं राहील.
शेरे बंद.
कारण मॅडमनी दिलं नव्हतं.
कुणी म्हणालं, तलावाजवळ एक स्कूटर आडवी झाली होती.
कुणी म्हणालं, स्कूटरवर दोघं होती.
मी विचारलं नाही कुणाची.

आता मैदानापाशी गाडी लावतो.
दशरथ भोईर हिरवं जाकीट घालून उभा असतो,
शिट्टी गळ्यात, पण वाजवत नाही,
नुसता तळहात दाखवतो आणि बसही थांबते.
दोनशे मीटर म्हणजे मैथिलीची तीनशे बारा पावलं.
कुठल्या कुत्र्याचं नाव काय, ते मला आता ठाऊक आहे.
दप्तर मीच धरतो.
जड आहे, ते मी बरोबरच लिहिलं होतं.

पण परवा रविवारी
कोलंबी आणायला निघालो,
शाळा नाही, घाई नाही, वही नाही,
आणि हात आपोआप वळला
तलावाच्या त्या कडेला, उलटा.
अर्ध्यात समोरून एक पोरगा सायकलवर,
पाठीला क्रिकेटची किट.
त्यानं घंटी वाजवली नाही, शिवी दिली नाही,
एक पाय खाली टेकवला
आणि बघत राहिला.

मी रिव्हर्स टाकला.
अख्खी गल्ली मागे आलो,
मान वळवून, पहिल्या दिवशी शिकणाऱ्यासारखा.
मागच्या सीटवर मैथिली होती, मधोमध,
माझ्या नजरेच्या आड येणारी.
ती हसली नाही.
"बाबा," म्हणाली,
"शेरा."