शब्दकोशात जोडा

क्लाक्सविकच्या बंदराकडे पाठ करून बसलेलं हानुसचं घर.
खिडकीत संगणक, त्याच्यावर विणलेला रुमाल.
विषाणू शिरला तो एका पार्सलच्या पावतीतून.
पार्सल त्यानं मागवलंच नव्हतं.
"पण कुणी काही पाठवलं असेल, असं वाटलं गं."

मी म्हटलं, सगळं पुसू. पाटी कोरी. दोन तासांचं काम.
तो उठला आणि मला मागच्या यात्लुरमध्ये घेऊन गेला.
फळ्यांच्या फटींतून समुद्राचा वारा,
वर टांगलेली मेंढीची तंगडी,
तिच्यावर ऑक्टोबरची हिरवट बुरशी.
नखानं खरवडून दाखवली.
"हे आपण खातो, रान्वा. खोपटं जाळत नाही."

मग साफच करत बसले.
पहिल्या फेरीत एकशे बारा सापडले,
दुसरीत नऊ,
तिसरीत शून्य,
आणि हानुसनं कॉफी ठेवली ती अशी, जणू पैज जिंकलाय.
पण रात्री तीनला, कुणी काही हाताळत नसताना,
राउटरचा दिवा लुकलुकायला लागला.
आमच्या डुलकीआडून
कुणीतरी कुणाला तरी काहीतरी कळवत होतं.

बुरशी दिसते, हानुस.
न दिसणारं किती खरवडायचं?

त्यानं मान हलवली. होकार होता की नुसतीच मान, कोण जाणे.
फोटो काढून घेतले,
मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणांचा तक्ता,
मार्युनच्या शेवटच्या वर्षाची दवाखान्याची पत्रंसुद्धा.
एकेक फाइल उजेडात धरावी तशी तपासली.
काही राहिलं नाही ना? दोनदा विचारलं.
म्हणाला, काय राहणार.

दुपारी नव्याकोऱ्या यंत्रावर
तो कोपनहेगनच्या नातवाला पत्र लिहायला बसला,
डॅनिशमध्ये, मधूनमधून आपले शब्द.
चौथ्या ओळीला पान लाल झालं.
म्योर्चीखाली वळवळती रेघ. स्कद्दाखाली रेघ.
लंगड्या मेंढीच्या नावाखाली.
मार्युनखाली.
खुर्ची मागे सरकवत त्यानं विचारलं,
"परत आला का गं तो?"

नाही, म्हटलं. याला आपण अजून माहीत नाही, एवढंच.

अकरा वर्षं त्यानं एकेक शब्द त्या जुन्याला शिकवला होता.
त्याची एक फाइल असते. चार केबी.
साधा मजकूर, त्यात रोग लपायला जागाच नसते.
कुठे असते ते मला ठाऊक होतं.
त्या रात्री आठवलं नाही.
हे त्याला सांगितलं नाही मी, अजूनही नाही.

त्यानं चष्मा पुसला. उजवी कळ. शब्दकोशात जोडा.
आधी धुकं.
मग डोंगरावर बसून राहणारं धुकं, त्याला वेगळा शब्द.
मग मेंढी.
मार्युनपाशी आल्यावर बाण थांबला.
"हे नाव चर्चच्या वहीतलं," म्हणाला,
"मी हाक मारायचो ती आधी घालू का?
स्पेलिंग मात्र कधी ठरलं नव्हतं."